'मिस्टर इंडिया'तला अदृश्य माणूस नेमका असतो कुठे?

प्रश्न एका वडिलांनी विचारलाय. त्यांनी आपल्या शाळकरी मुलासोबत १९८७चा 'मिस्टर इंडिया' परत पाहिला. लहानपणी त्यांना तो चमत्कार वाटला होता. मुलाने मात्र बोट दाखवून सांगितलं, "बाबा, तो बघा धागा." आता त्यांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे सगळं तेव्हा कसं केलं असेल? आजच्या व्हीएफएक्सने, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या दृश्य करामतींनी, केलं तर जास्त चांगलं होईल का? आणि मुलाला मोबाइलवर असं काही करून बघायचंय, तर सुरुवात कुठून करावी?

मी कॅमेरा विभागातून आलोय. आधी फिल्मवर ट्रिक शॉट केले, नंतर तेच काम कॉम्प्युटरवर आलं. शिकवताना हा सिनेमा मी हमखास घेतो, कारण यातून जे शिकता येतं ते सॉफ्टवेअर बदललं तरी जुनं होत नाही. अदृश्य माणूस दाखवण्याचं काम इथे कॅमेऱ्याने त्या मानाने थोडं केलंय. जास्त काम केलंय ते समोरच्या नटांनी, संकलकांनी आणि आवाजाने, आणि या सगळ्यांच्या आधी पटकथेने. धागा दिसला तरी प्रसंग कोसळत नाही तो त्यामुळेच.

पटकथेपासूनच सुरू करू. एच. जी. वेल्सच्या १८९७च्या कादंबरीतला माणूस स्वतः अदृश्य होतो, पण त्याचे कपडे होत नाहीत. म्हणजे एकतर त्याने थंडीत उघडं फिरायचं, नाहीतर रिकामे कपडे चालताना दिसायचे. १९३३ साली हॉलिवूडने त्यावर सिनेमा केला तेव्हा जॉन फुल्टन या ट्रिकवाल्याला केवढा खटाटोप करावा लागला! नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळायचं, त्यावर कपडे चढवायचे, काळ्या मखमलीच्याच पडद्यापुढे उभं करायचं आणि मग ते चित्र दुसऱ्या चित्रात मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, बसवायचं. 'मिस्टर इंडिया'चे लेखक सलीम-जावेद यांनी ही कटकट मुळातच काढून टाकली. नायक अरुणच्या मनगटावरचं यंत्र सुरू झालं की तो टोपी-कोटासकट नाहीसा होतो, पण हातात घेतलेली वस्तू मात्र दिसत राहते. तर्क लावायला गेलं तर अंगावरचा कोट गायब होतो आणि हातातली बाटली का होत नाही, याला उत्तर नाही. निर्मितीच्या बाजूने पाहिलं तर मात्र हा नियम सोन्याचा आहे. अर्धा दिसणारा माणूस कुठेच दाखवायचा नाही. फ्रेम एकतर रिकामी असेल, नाहीतर तिच्यात एखादी वस्तू तरंगत असेल. दोन्ही गोष्टी त्या काळच्या मुंबईतल्या स्टुडिओला झेपणाऱ्या होत्या.

दुसरा नियम लाल रंगाचा. लाल उजेडात किंवा लाल काचेतून पाहिलं की हा माणूस दिसतो. विज्ञान म्हणून हे टिकत नाही. पांढऱ्या उजेडात लाल असतोच. यंत्र लाल किरण अडवू शकत नसेल तर भरदिवसा रस्त्यावर एक लालभडक माणूस फिरताना दिसायला हवा, आणि लाल काच डोळ्याला लावल्याने नवीन काही दिसायचं कारण नाही, कारण काच फक्त बाकीचे रंग गाळते. त्याशिवाय वेल्सच्या काळापासूनची शंका आहेच: ज्याच्या डोळ्याच्या पडद्यातून उजेड आरपार जातो, त्याला स्वतःला काय दिसणार? तुमचा मुलगा हे विचारेल तेव्हा त्याला खरं तेच सांगा. एका सिनेमामुळे प्रकाशावर बोलायची संधी मिळतेय, ती सोडू नका.

पण गोष्ट सांगण्याच्या दृष्टीने लाल रंग काय काय करतो ते बघा. नायक अनिल कपूर आहे. तिकीट काढून आलेल्या माणसाला तो दिसला पाहिजे. तो सतत अदृश्य राहिला तर नायक कुठला आणि सिनेमा कुठला? लाल दिवा हे दिग्दर्शक शेखर कपूर यांच्या हातातलं बटण झालं. हवं तेव्हा नायक दाखवायचा, हवं तेव्हा नाही. शिवाय भीतीही तिथूनच येते, कारण आपल्याला माहीत असलेली गोष्ट खलनायकाला कळली की खेळ संपला. आणि करायलाही हे सोपं. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, नट येऊन उभा राहणार, लाल जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद, लावलेला दिवा पेटणार आणि कट. छायालेखक बाबा आझमी यांना त्रास झाला असेल तो वेगळ्या कारणाने. गडद लाल जिलेटिन दिव्याचा बहुतेक उजेड खाऊन टाकतं, चेहऱ्यावरचे बारकावे सपाट होतात, ओठ आणि गाल एका रंगाचे दिसायला लागतात. त्या उजेडात नटाचे भाव पोचवायचे तर एका बाजूने सावली राखावी लागते.

आता धागा. तुमच्या मुलाने पकडलेला धागा या सिनेमाच्या बराच आधीपासून आपल्याकडे आहे. वेल्सच्याच कल्पनेवर बेतलेला 'ख्वाब की दुनिया' १९३७ साली आला, आणि त्यात बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या धाग्यांनी वस्तू अशा नाचवल्या की सिनेमावाले त्यांना 'काला धागा' म्हणूनच ओळखू लागले. त्याच्याही मागे गेलं तर दादासाहेब फाळके आहेत. 'कालिया मर्दन'मध्ये, १९१९ साली, त्यांनी आपल्या मुलीला कृष्ण करून पाण्याखाली नागाशी लढवलं. पुढे १९५७च्या 'मिस्टर एक्स'मध्ये अशोक कुमार अदृश्य झाले, १९६४च्या 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'त किशोर कुमार. आणि १९८७मध्ये बघा: अदृश्य होण्याच्या यंत्राशी अरुणची गाठ घालून देणारे प्रोफेसर आहेत अशोक कुमार, आणि गाण्यात अदृश्य प्रियकराचा आवाज आहे किशोर कुमार यांचा. हे ठरवून झालं की योगायोगाने, मला सांगता येणार नाही, पण दोन्ही भाऊ इथे भेटतात याचा मला दर वेळी आनंद होतो. या सिनेमातल्या ट्रिकची जबाबदारी होती पीटर परेरा यांच्याकडे. 'अमर अकबर अँथनी'चे छायालेखक तेच.

धाग्याचा शॉट वाटतो तितका सोपा नाही. धागा बारीक असून भागत नाही, तो चमकता कामा नये. नायलॉनची तार मजबूत, पण मागून किंवा बाजूने दिवा आला की लकाकते, म्हणून तिला काळपट करावं लागतं आणि दिवे समोरून, जरा वरून लावावे लागतात. मागची भिंत साधी पांढरी असेल तर धागा उठून दिसतो. नक्षी, पडदे, जाळी, गर्दी असली की डोळ्याला तो सापडत नाही. एका धाग्यावर वस्तू गरगर फिरते, म्हणून निदान दोन धागे, आणि ताट-परडीसारखं काही असेल तर तीन.

खरी गोम यापुढे आहे. धाग्याला टांगलेली वस्तू लंबकासारखी झुलते, माणसाच्या हातातली वस्तू तशी झुलत नाही. चालताना पावलागणिक ती किंचित खाली-वर होते. तोंडाकडे नेताना मनगटाच्या भोवती वळते, आणि थांबते तेव्हा हळूच न थांबता चटकन थांबते, कारण हात ती थांबवतो. वर फळ्यांवर बसून धागा ओढणाऱ्या माणसाला हे सगळं बोटांत आणावं लागतं. कॅसिनोचा प्रसंग पुन्हा लावा, श्रीदेवी चार्ली चॅप्लिनच्या वेशात येते तो. धागा शोधू नका, वस्तू कशी हलते ते पाहा. काही ठिकाणी हात आहे असं खरंच वाटतं, काही ठिकाणी वस्तू नुसती लोंबकळते. तुमच्या मुलाला जिथे धागा दिसला ती जागा बहुधा दुसऱ्या प्रकारातली असणार. हालचाल खोटी वाटली म्हणून त्याची नजर कारण शोधत वर गेली.

बॉब क्रिस्टो यांचा प्रसंग मी सगळ्यात वर ठेवतो. हा गोरा धिप्पाड माणूस मूर्ती पळवायला आलाय आणि हनुमानाची मूर्तीच हवेतून येऊन त्याला बदडतेय. शेवटी त्याच्या तोंडून बजरंगबलीचा जयजयकार निघतो. इथे ट्रिक आणि विनोद इतके एकजीव झालेत की धागा दिसला तरी कुणाला पर्वा नसते. मूर्ती हवेत उडणं हे आपल्या प्रेक्षकाला मुळातच मान्य आहे, हनुमान उडतोच. अदृश्य हात मूर्तीने मारतोय हे आपल्याला माहीत, त्या चोराला मात्र देव खवळलाय असं वाटतंय. आणि त्या मूर्तीला वजन कोण देतं? बॉब क्रिस्टो देतात. अशी मूर्ती शूटिंगसाठी हलकी आणि पोकळच करतात, नाहीतर धागा तुटेल आणि नट जखमी होईल. ती जड वाटते कारण ते अंग टाकून देतात, मान झटकतात, मागे कोलमडतात. एवढा दांडगा माणूस कोलमडतोय म्हणजे फटका जबरदस्तच असणार, असा हिशेब आपलं मन आपणच करून टाकतं.

एक गोष्ट आजच्या पिढीला सांगितली तरी पटत नाही: तेव्हा सेटवर घेतलेला शॉट लगेच पाहायची सोय जवळपास नसायची. समजा एकाच फ्रेममध्ये दोन वेळी घेतलेली चित्रं जोडायची आहेत. कॅमेरा लोखंडी पायावर घट्ट बसवायचा, लेन्सच्या पुढे अर्ध्या भागावर काळा मास्क लावायचा, शॉट घ्यायचा, फिल्म कॅमेऱ्यातच मोजून मागे फिरवायची, मास्क दुसऱ्या अर्ध्यावर लावायचा आणि त्याच निगेटिव्हवर परत घ्यायचं. मधे कुणाचा पाय कॅमेऱ्याला लागला, व्होल्टेज खालीवर होऊन दिव्याचा रंग बदलला, की जोडाची रेघ दिसलीच. आणि ते कळणार कधी? लॅबमधून प्रिंट धुऊन आली की, म्हणजे तोवर सेट मोडलेला आणि नटांच्या तारखा संपलेल्या. म्हणून ट्रिकवाला माणूस कमीत कमी जोडकाम लागेल असाच शॉट सुचवायचा. ही काटकसर या सिनेमात जागोजागी दिसते, आणि तिने सिनेमाचं भलंच झालंय.

आता श्रीदेवी. माझ्या मते या सिनेमातला सगळ्यात मोठा स्पेशल इफेक्ट त्याच आहेत. त्या काळी बहुतेक थिएटरांत आवाज पडद्याच्या मधूनच यायचा. अदृश्य माणूस डावीकडे आहे की उजवीकडे, जवळ आहे की लांब, हे आवाजावरून कळायला वावच नव्हता. ते सांगायचं काम नटाच्या डोळ्यांवर. हे फार अवघड असतं. रिकाम्या जागेकडे पाहायला सांगितलं की माणसाची नजर आपोआप मागच्या भिंतीवर जाते. दोन हातांवरच्या चेहऱ्याकडे पाहताना बुबुळं जराशी आत वळतात, भिंतीकडे पाहताना सरळ होतात, आणि क्लोजअपमध्ये हा फरक प्रेक्षकाला शब्दांत सांगता आला नाही तरी जाणवतो. त्यासाठी आम्ही काठीला चिकटपट्टी लावून ती चेहऱ्याच्या उंचीवर धरतो, टेकच्या आधी काढून घेतो आणि नटाला तीच जागा डोळ्यात धरून ठेवायला सांगतो. भल्याभल्यांची नजर दुसऱ्या वाक्याला सुटते.

निळ्या साडीतलं पावसातलं गाणं या नजरेने पाहा. बराच वेळ फ्रेममध्ये एकच माणूस आहे. तरी तिथे दोघं आहेत याबद्दल शंका येत नाही. कारण श्रीदेवी तिथे बघण्यापेक्षा स्पर्शावर जास्त भर देतात. आधी मानेला काहीतरी लागतं, मग खांदा वळतो, मग पाऊल सरकतं. हा क्रम महत्त्वाचा. एरवी नाचात शरीर स्वतःहून वळतं. इथे ते कुणीतरी वळवल्यासारखं वळतं, म्हणजे हालचाल बाहेरून सुरू होते आणि अंग तिच्या मागे जातं. साथीला कुणी नसताना हे करायचं म्हणजे समोरच्याची भूमिकाही मनातल्या मनात आपणच करायची. आज मी हिरव्या पडद्यापुढे काम करणाऱ्या नटांना तयारी म्हणून हेच गाणं बघायला सांगतो. मधे मधे लाल उजेड येतो, अनिल कपूर दिसतात, परत नाहीसे होतात, आणि आपली कल्पना बरोबर होती याची खात्री पटून आपण पुन्हा रिकाम्या फ्रेमवर विश्वास ठेवायला तयार होतो.

संकलनाबद्दल क्वचितच कुणी बोलतं म्हणून मुद्दाम लिहितो. हा सिनेमा वामन भोसले आणि गुरुदत्त शिराळी या जोडीने कापलाय. भोसले मूळचे गोव्यातल्या पोंबुर्फ्याचे, 'इन्कार'साठी संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले. साध्या मारामारीत मूठ येते, लागते, माणूस पडतो, आणि कट कुठे मारायचा ते मूठ सांगते. इथे मूठच नाही. फायटरच्या कमरेला बांधलेली दोरी ओढली की तो मागे फेकला जातो, पण ओढ बसण्याआधी त्याचं अंग नकळत सावरून बसतं. तेवढ्या फ्रेम काढून टाकल्या नाहीत तर फटका मेला. आणि ठोशाचा आवाज चित्राच्या किंचित आधी पडला की न दिसलेली मूठ प्रेक्षकाला दिसते. त्या वेळी संवादही नंतर डबिंगला भरले जायचे, त्यामुळे अरुणचा अदृश्य असतानाचा आवाज कुठल्या शब्दावर, कुणाच्या चेहऱ्यावर टाकायचा हे संकलनाच्या टेबलावरही ठरवता येत होतं. तो आवाज बहुतेकदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर टाकलाय. बोलणाऱ्याची रिकामी जागा फार वेळ दाखवली असती तर प्रेक्षक कंटाळला असता.

सगळंच टिकलंय असं मी म्हणणार नाही. खलनायक मोगॅम्बोच्या बेटावरची क्षेपणास्त्रं आणि स्फोट खेळण्यातले वाटतात. लांबी तीन तासांच्या आसपास आहे, आणि ती मधे जाणवते. 'हवाहवाई' गाण्यात श्रीदेवी अफाट आहेत, पण सुरुवातीला तोंडाला काळा रंग फासलेले नर्तक आहेत, ते आज बघवत नाही. मुलासोबत पाहत असाल तर त्याला ते चूक आहे हे स्पष्ट सांगा. मोगॅम्बोबद्दल मला नवीन काही सांगायचं नाही, अमरीश पुरी यांनी तो इतक्या गंभीरपणे केलाय की आजूबाजूचा सगळा पोरखेळ त्यामुळे खरा वाटतो. आणि अरुण सांभाळत असलेल्या अनाथ मुलांपैकी छोट्या टीनाचा मृत्यू. हलक्याफुलक्या सिनेमात एक लहान मुलगी बॉम्बस्फोटात जाते. मला हा निर्णय धाडसाचा आणि योग्य वाटतो. तोपर्यंत अदृश्य होणं म्हणजे गंमत असते, त्यानंतर अरुणला कळतं की आपण दिसत नाही एवढ्याने आपली माणसं वाचत नाहीत. तुमचं मूल हळवं असेल तर आधी कल्पना द्या.

तर व्हीएफएक्सने आज केला तर? काही गोष्टी नक्की सुधारतील. आज मी धागा वापरणारच नाही. हिरवे कपडे घातलेला माणूस वस्तू प्रत्यक्ष हातात धरेल, मग रिकाम्या सेटचा तोच शॉट घेऊन त्याला पुसून टाकू. वस्तूला खऱ्या हाताची हालचाल मिळेल, वजन मिळेल, लंबकाची अडचण संपेल. बेटही भव्य दिसेल. पण मला या धंद्याची सवय ठाऊक आहे. अदृश्य माणूस दाखवायला पैसे मिळाले की आम्ही तो दाखवायला लागतो. हवेत लहरी, पावसात पुरुषाची आकृती, अंगावर चमचमणाऱ्या कडा. मग श्रीदेवींच्या जागी असलेल्या नटीला काही करायला उरत नाही, कॉम्प्युटरच सगळं सांगून टाकतो. आज कुणी हा सिनेमा करायला घेतला आणि मला बोलावलं, तर मी धागे पुसून देईन, मूर्ती हाताने धरून हलवेन आणि गाण्याला हातसुद्धा लावणार नाही.

शेवटी मोबाइल. फोन हातात धरू नका, स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीत पक्का बसवा आणि फोकस-एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर कुणी फ्रेममध्ये आलं-गेलं की उजेड बदलतो. पहिला शॉट नाहीसं होण्याचा: मुलगा उभा राहील, बाकी सगळे जागच्या जागी थिजतील, तो बाहेर जाईल, मग बाकीचे हलायला लागतील, आणि मधला भाग कापून टाकायचा. दुसरा शॉट धाग्याचा. शिवणाचा काळा धागा, मागे नक्षीचा पडदा, प्लॅस्टिकचा रिकामा पेला. आधी पेला हातात धरून चार पावलं चालायला सांगा, त्याचा व्हिडिओ काढा, आणि धाग्याने तीच हालचाल जमेपर्यंत करून बघा. तिसऱ्यासाठी लाल जिलेटिन कागद टॉर्चवर लावा आणि खोलीतले बाकीचे दिवे पूर्ण बंद करा, पांढरा उजेड जरा जरी आला तरी लाल फिका पडतो.

आणि या सगळ्याच्या आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी समोर बसवून, रिकाम्या खुर्चीशी अर्धा मिनिट बोलायला सांगा. ते बोलणं कॅमेऱ्याशिवाय खरं वाटलं की मगच शूटिंगला लागा.